नव्याकोऱ्या मोटारीची किंमत पहिल्याच वर्षी कोठे मुरते?

पिरंगुट, प्रतिनिधी - गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. या २६ दिवसांनी मोटार खरेदीदारांचे सरळ दोन गट पाडले. चार मीटरच्या आतील आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर अधिभारासह २९ टक्के जीएसटी होता. तो घटस्थापनेपासून १८ टक्क्यांवर आला. ही कपात पूर्णपणे ग्राहकाला मिळाली असे धरले, तर गणपतीबरोबर दहा लाखांची मोटार घरी आणणाऱ्याच्या गाडीचे नवे भावंड घटस्थापनेला सुमारे ९ लाख १५ हजारांत मिळू लागले. गाडीवर साधा ओरखडा नव्हता, तरी तिच्या किमतीतून ८५ हजार रुपये निघून गेले होते.

कर कमी झाल्याबद्दल तक्रार करावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र मोटारीचा घसारा म्हणजे केवळ यंत्राची झीज, हा सार्वत्रिक समज किती अपुरा आहे, हे या घटनेने दाखवून दिले. पहिल्या वर्षी मोटारीची जी किंमत उतरते, तिचा बराचसा भाग यंत्रात कधी गुंतलेलाच नसतो.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. हिंजवडी आणि माणचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे. येथे नोकरी लागली की मोटार घेतली जाते. बदली झाली, परदेशी जाण्याचा योग आला किंवा नोकरीच गेली, की ती विकावी लागते. अशा वेळी आठ-दहा महिन्यांच्या गाडीला व्यापाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून मालकाला आपली फसवणूक होत असल्याची खात्रीच पटते. पुष्कळदा ती तशी नसते. मालक एका आकड्यापासून मोजत असतो आणि व्यापारी दुसऱ्याच.

समजा, मोटारीची शोरूम किंमत १० लाख रुपये आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. येथे ११ टक्के धरला, तरी १ लाख १० हजार झाले. विमा आणि किरकोळ खर्चाचे ४० हजार मिळवले, की गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेअकरा लाख लागतात. मालकाच्या मनात कायम हाच आकडा असतो. व्यापारी मात्र त्याच मॉडेलच्या आजच्या शोरूम किमतीपासून हिशेब सुरू करतो. त्यामुळे पहिले दीड लाख रुपये त्याच्या पाटीवर येतच नाहीत.

शोरूम किमतीतून पुढे किती वजा करायचे, याचा एक जुना मापदंड विम्याच्या पॉलिसीत छापलेला असतो. पूर्वीच्या मोटार विमा दरपत्रकातील हा तक्ता सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरतो. त्यावरून गाडीचे विमा घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरते. ते बाजारभावाचे वचन नव्हे. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या पाऊणपटीपेक्षा अधिक होऊन गाडी निकालात निघाली, तर कंपनी कोणत्या रकमेवर भरपाई मोजेल, एवढेच ते सांगते. तरी सौद्याच्या वेळी दोन्ही बाजू याच आकड्याकडे पाहतात. दहा लाखांची गाडी दुसऱ्या वर्षात शिरताच तक्त्यानुसार आठ लाखांची होते. मूल्य चालू शोरूम किमतीवर मोजले जात असल्याने वर उल्लेखिलेल्या गणपतीच्या गाडीला तर हाच हिशेब ९ लाख १५ हजारांवर लागू होऊन ७ लाख ३२ हजारच हाती उरतात.

खरी अडचण कर्जाची आहे. त्या साडेअकरा लाखांपैकी १० लाख सात वर्षांच्या मुदतीने आणि ९ टक्के व्याजाने काढले, तर मासिक हप्ता सुमारे १६ हजार ९० रुपये पडतो. बारा हप्ते, म्हणजे १ लाख ९३ हजार रुपये भरल्यानंतरही सुमारे ८ लाख ९३ हजारांचे मुद्दल शिल्लक राहते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. गाडीला साडेसात लाख आले, तर ती विकण्यासाठी मालकालाच पदरचे १ लाख ४३ हजार घालावे लागतात. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क असल्यास ते वेगळे. लांब मुदतीचे कर्ज हप्ता हलका करते खरे, परंतु नोकरी गेलेल्या घराला त्यात अडकवूनही ठेवते.

व्यापाऱ्याची बाजू

जुन्या मोटारीच्या व्यवहारात व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्रीच्या किमतीतील फरकावर कर द्यावा लागतो. पूर्वी लहान आणि विजेवरील जुन्या गाड्यांसाठी हा दर १२ टक्के होता. जानेवारी २०२५ मध्ये तो सर्वांसाठी १८ टक्के झाला. व्यापाऱ्याने साडेसात लाखांना घेतलेली गाडी ८ लाख १० हजारांना विकली, तर ६० हजारांच्या फरकावर १० हजार ८०० रुपये कर होतो. धुलाई-पॉलिश, हमी, गाडी उभी असेपर्यंत अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि स्वतःचा नफा, हे सारे उरलेल्या रकमेतूनच निघते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकल्यास हा कर लागत नाही. ओळखीत सौदा झाल्यास दोघांचाही फायदा होतो, तो यामुळेच.

जुनी गाडी देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात, म्हणजे ‘एक्स्चेंज’मध्ये, हिशेब आणखी धूसर होतो. विक्रेता जुन्या गाडीला चढा भाव देतो आणि नव्या गाडीवरील सवलत आखडती घेतो, किंवा याच्या उलट करतो. दोन्ही रकमा एकाच खिशातून येतात. ‘एक्स्चेंज बोनस’चा फलक वाचून हुरळण्यापेक्षा, जुनी गाडी न देता नवी कितीला पडेल, हे आधी लेखी घ्यावे. जुनी दिल्यावर वरून किती भरावे लागतील, ही रक्कम त्यातून वजा केली, की जुन्या गाडीला प्रत्यक्षात मिळालेला भाव समोर येतो. तो बाहेर दोन ठिकाणी पडताळून पाहण्यास अर्धा दिवस पुरतो.

भाव ठरताना गाडी कोणत्या वर्षी तयार झाली हेही पाहिले जाते. डिसेंबरात तयार झालेली आणि जानेवारीत पासिंग झालेली गाडी बाजार आदल्या वर्षाचीच मानतो. वर्षअखेरीच्या घसघशीत सवलतीमागचे हे एक कारण आहे. दोन-चार महिन्यांत विकण्याची शक्यता असेल, तर ती सवलत फसवी ठरते. गाडी सात-आठ वर्षे वापरायची असेल, तर मात्र ती खुशाल घ्यावी.

मुळशीच्या पावसाचाही येथे विचार करावा लागतो. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस किती कोसळतो, हे सांगण्याची गरज नाही. २०२५ च्या जूनमध्ये तर हिंजवडीचे रस्तेही पाण्याखाली गेले होते. पाणी शिरलेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. परंतु आसनपट्टा शेवटपर्यंत ओढल्यास त्यावर मातीची रेघ सापडते आणि पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो. असा इतिहास असलेल्या गाडीचा भाव वयाच्या तक्त्यावरून ठरत नाही.

बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक उपलब्ध आहे. सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारीही तो घेऊ शकतात. यात कर दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा असतो. साहजिकच पहिल्या वर्षी गाडी विकणाऱ्याची कराची रक्कम कमी बुडते. मात्र पुढचा खरेदीदार या मालिकेस पात्र नसेल, तर त्याला गाडी साध्या क्रमांकावर आणून राज्याचा कर भरावा लागतो आणि तो खर्च तो सौद्यातच मागतो.

घसारा अटळ आहे असेही नाही. परवाना राजवटीत मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तेव्हा नव्या गाडीला ‘ऑन’ मिळे. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपांच्या तुटवड्यामुळे काही मॉडेलांना, आपल्या चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ७०० सारख्यांना, महिनोन् महिने प्रतीक्षा होती. तेव्हाही थोडी वापरलेली गाडी भाव राखून होती. विजेवरील मोटारींचे उलट झाले. टाटा मोटर्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्हीची ७० हजारांपर्यंत उतरवली. बॅटरी स्वस्त झाल्याचा लाभ नव्या ग्राहकाला मिळाला, तर आदल्या दिवाळीच्या ग्राहकाची गाडी त्याच प्रमाणात उतरली.

कागद पूर्ण होईपर्यंत

किमतीवरून घासाघीस करणारे मालक कागदपत्रांबाबत कमालीचे निष्काळजी असतात, हे आश्चर्यच म्हणायचे. गाडी आणि सह्या केलेले कोरे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज व्यापाऱ्याच्या हाती दिले, की आपला संबंध संपला असे त्यांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. त्या प्रकरणातील गाडी अनेक हात फिरली होती, पण आरटीओच्या दप्तरी मूळ मालकाचेच नाव होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक केले. अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवली, की तिची पुन्हा विक्री होईपर्यंत तोच मालक मानला जातो आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. प्राधिकारपत्र दाखवण्यास टाळाटाळ करणारा व्यापारी पाच हजार जास्त देत असला, तरी त्याला गाडी देऊ नये. कर्ज असल्यास बँकेच्या ना-हरकत पत्रासह ३५ क्रमांकाच्या अर्जाने आरसीवरील बोजा उतरवावा लागतो.

विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. एक वर्ष दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसंबंधीच्या हप्त्यात २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घेता येते आणि ते तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला लावता येते.