मात्रा वाढवण्याची सवय

स्वादुपिंडाच्या उपचाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी भरपाईचा इतिहास. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी या ग्रंथीचा रस चरबी पचवतो हे प्राण्यांवर दाखवून दिले. मग कमी पडणारा रस बाहेरून द्यावा, हे ओघानेच आले. १८६४ मध्ये फ्लेस या डच वैद्याने एका मधुमेही रुग्णाला वासराचे स्वादुपिंड खाऊ घातले, तेव्हा त्याच्या शौचातली चरबी नाहीशी झाली. पुढे डुकराच्या ग्रंथीपासून गोळ्या निघाल्या. उपाय खराच गुणकारी होता, आणि घोटाळा तिथेच झाला. गोळी घेऊनही पोट फुगले, तेलकट जुलाब थांबले नाहीत, की दोष मात्रेचा ठरू लागला.

वास्तविक आतड्यात अन्न साचून राहिले की तिथे जिवाणू माजतात, पित्तक्षार मोडतात आणि चरबी पचू देत नाहीत, हे आतड्याच्या शस्त्रक्रियांमुळे डॉक्टरांना माहीत झाले होते. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात आतड्याची हालचाल मंदावते. स्वादुपिंडाचा भाग काढून टाकणाऱ्या, व्हिपल यांच्या १९३५ च्या शस्त्रक्रियेसारख्या उपायांत तर आतड्याची जोडणीच बदलते. लक्षणे मात्र तीच, म्हणून दुसऱ्या कारणाकडे पाहावेसे वाटले नाही. यावर आक्षेप असा, की पोटातले आम्ल गोळीतले लायपेज, म्हणजे चरबी पचवणारे विकर, नष्ट करते, तेव्हा मात्रा खरोखरच अपुरी पडते. ते खरे आहे. पण त्यासाठी दिलेली आम्लरोधक औषधे जिवाणूंवरचा एक पहारा उठवतात, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप हे जिवाणू ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या, श्वासातल्या हायड्रोजनच्या चाचणीवर: ती चुकते. चुकते खरी, पण हा वायू मानवी पेशी बनवत नाहीत, त्यामुळे निदान शंकेला तरी तिथे आधार असतो. मात्रा वाढवत नेण्याला पुष्कळदा तेवढाही नसे.

त्या सवयीची किंमत सिस्टिक फायब्रोसिस या, स्वादुपिंडाचा रस अडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलांनी मोजली. १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी तीव्र मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या पाच मुलांच्या मोठ्या आतड्यात अरुंद, घट्ट झालेले भाग आढळल्याचे लिहिले. त्यानंतर रोजच्या लायपेजला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १०,००० युनिटची मर्यादा सुचवली गेली.