नव्याण्णव फुगे आणि एक खोटा इशारा

जून १९८२. पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सचा खुल्या मैदानातील कार्यक्रम रंगला होता. तेथे शेकडो फुगे आकाशात सोडण्यात आले. श्रोत्यांत कार्लो कार्गेस हा गिटारवादक होता. क्षितिजाकडे सरकणारा, आकार बदलणारा तो पुंजका त्याला अनोळखी यानासारखा भासला. हे फुगे भिंत ओलांडून पूर्वेकडे गेले, तर तिकडे त्यांचा काय अर्थ लावला जाईल?

या शंकेतून ‘९९ लुफ्टबालोन्स’ हे गीत जन्मले. कार्गेसच्या ‘नेना’ या बँडने ते १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. चाल उड्या मारायला लावणारी. कथा मात्र भीषण. फुग्यांना उडत्या तबकड्या समजून एक सेनापती लढाऊ विमाने धाडतो, वैमानिक शौर्य गाजवण्याच्या नादात मारा करतात, शेजारी राष्ट्र डिवचले जाते आणि शेवटी उरतात ते भग्नावशेष.

पश्चिम जर्मनीत ही अतिशयोक्ती नव्हती. अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे त्याच भूमीवर येऊ घातली होती आणि त्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरत होते.

मार्च १९८४ मध्ये मूळ जर्मन गीत अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ब्रिटनमध्ये इंग्रजी आवृत्ती पहिली आली. तिचे शब्द केविन मॅकअलीचे. फुग्यांना लाल रंग त्यानेच दिला. मुळात तो नाही. बँडला हे रूपांतर फारसे रुचले नाही, आणि ते योग्यच, कारण मूळ गीताची धार त्यात बोथट झाली आहे. एक भर मात्र विलक्षण: इंग्रजी गीतात संकटाची ठिणगी सॉफ्टवेअरमधील दोषातून पडते.

जवळपास तसेच खरोखर घडून गेले होते, आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळील भूमिगत केंद्रात सोव्हिएत उपग्रह-यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रांचा इशारा दिला: आधी एक, मग आणखी चार. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते. २६९ जण मृत्युमुखी पडले होते. अशा तणावात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तर्क केला, की खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करील? त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती.

हा प्रसंग उजेडात आला तो सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर. पेत्रोव्ह यांना त्या वेळी बक्षीस मिळाले नाहीच. उलट त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून त्यांना ठपका मिळाला.