दंतमज्जेचा शोथ : दोष पूरणद्रव्याचा की सूक्ष्मजंतूंचा?

किडलेल्या दाताचा नासलेला भाग कोरून पोकळी भरल्यावर काही काळाने आतील दंतमज्जा सुजावी व अखेर मृत व्हावी, हा अनुभव दंतवैद्यांना फार पूर्वीपासून आहे. या हानीचे मूळ कोठे, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात मिळालेली उत्तरे परस्परविरोधी आहेत. प्रयोगाची मांडणी बदलताच कारणमीमांसा कशी बदलते, हे या वादाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

दंतमज्जा ही रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त अशी मृदू ऊती होय. तिच्याभोवतालचे दंतिन कठीण असले तरी अखंड नाही. एक ते अडीच सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या असंख्य नलिका त्यातून मज्जेपर्यंत जातात. पोकळी कोरली की त्यांची तोंडे उघडी पडतात. शिवाय मज्जा कठीण भिंतींनी वेढलेली असल्यामुळे तिला सूज आल्यास पसरण्यास वाव उरत नाही.

उघडी पडलेली मज्जा वाचवावी, हा विचार जुना आहे. बर्लिनच्या फिलिप फाफ याने १७५६ साली तिच्यावर सोन्याचा पत्रा बसविण्याची रीत वर्णिली. याउलट १८३६ साली अमेरिकेत स्पूनर याने सोमल वापरून मज्जा हेतुपुरस्सर मारण्याचा उपाय पुढे केला. विसाव्या शतकाच्या आरंभी दाताच्या रंगाशी जुळणारे सिलिकेट सिमेंट प्रचारात आले. काचेची पूड फॉस्फरिक अम्लात कालवून ते तयार होई. त्याखालची मज्जा वारंवार शोथग्रस्त आढळू लागली, आणि दोष अम्लावर आला. तर्क सरळ होता: अम्ल नलिकांतून झिरपते व मज्जेला दाहते. यातूनच पूरणद्रव्यांची ‘सौम्य’ व ‘दाहक’ अशी वर्गवारी रूढ झाली. झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण सौम्य गणले गेले. १९२० साली जर्मनीत हेर्मान याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, उपयोगात आणला. त्याखाली नवे दंतिन तयार होते असे दिसून आल्यावर बरे होण्याचे श्रेयही द्रव्यालाच मिळाले.

या विचारसरणीला पहिला मोठा धक्का १९६५ साली बसला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी उंदरांच्या दाढा कोरून मज्जा उघडी केली व कोणतेही पूरण न करता तशीच ठेवली. सामान्य उंदरांत मज्जेचा नाश झाला. जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत मात्र, जखमेत अन्नकण अडकले असतानाही, मज्जा जिवंत राहिली आणि जखमेवर दंतिनाचा सेतू तयार झाला. येथे औषधी द्रव्य नव्हतेच. भेद होता तो केवळ सूक्ष्मजंतूंचा.

पुढे स्वीडनमध्ये ब्रेनस्ट्रम व न्यूबोर्ग यांनी १९७१ साली सिलिकेट व संमिश्र रेझिन यांनी भरलेल्या पोकळ्यांत सूक्ष्मजंतू असतात, हे दाखविले. घट्ट होताना आकसणारे पूरण व दाताची भिंत यांच्यामधील फटीतून जंतूंना वाट मिळते. १९८७ साली कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या उघड्या मज्जेवर ‘दाहक’ समजली जाणारी द्रव्ये थेट ठेवली, पण पृष्ठभाग झिंक ऑक्साइड-युजेनॉलने बंद केला. मज्जा भरून आली आणि दंतिनाचा सेतूही निर्माण झाला. युजेनॉलयुक्त मिश्रणाच्या सौम्यतेचाही मग निराळा अर्थ लागला. युजेनॉल पेशींना मुळीच निरुपद्रवी नाही. परंतु ते मिश्रण जंतुरोधक असून फट चांगली बुजविते.

तथापि पूरणद्रव्ये सर्वस्वी निर्दोष ठरली, असे मात्र म्हणता येत नाही. मानवी दातांत उघड्या मज्जेवर रेझिन थेट लावल्यास दीर्घकाळ शोथ राहिल्याची निरीक्षणे आहेत. मज्जेवर उरलेल्या दंतिनाची जाडी आणि कोरताना निर्माण होणारी उष्णता हीही कारणे विचारात घ्यावी लागतात.

पूर्वसूरींचे निरीक्षण खोटे नव्हते. सिलिकेटखालची मज्जा खरोखरच सुजलेली होती. परंतु ज्या पोकळीत अम्ल होते, तिच्यातच फटही होती. दोन कारणे एकत्र नांदत असता एकालाच दोष देणे, हा त्यांच्या अनुमानातील उणा दुवा होय. नव्या पूरणद्रव्याची परीक्षा करणाऱ्या संशोधकाने म्हणूनच प्रथम विचारावे: या प्रयोगात सूक्ष्मजंतूंची वाट बंद केली होती काय?