सेंट लुईसची वाट: कार्डिनल्स संघ आणि त्याचा दूरचा प्रेक्षक

आईवडिलांपैकी कोणीतरी मुलाला सोबत घेऊन आवडत्या बेसबॉल संघाचा सामना पाहायला परगावी जावे, ही अमेरिकेतील प्रथा सहसा कौटुंबिक जिव्हाळ्याच्या अंगाने वर्णिली जाते. परंतु सुटी कोणत्या दिवशी मिळे, प्रवासाची सोय कोठवर होती आणि तिकिटाच्या पैशांत पदरात काय पडे, या व्यावहारिक गोष्टींचा आधार नसता तर ती एवढी रुजली नसती. मिसुरी राज्यातील सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो. ॲथलेटिक्स हा संघ १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला येईपर्यंत प्रमुख लीगचे, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या व्यावसायिक संघांचे, सर्वांत पश्चिमेकडील शहर सेंट लुईस हेच होते आणि दक्षिणेलाही त्याच्यापलीकडे असा संघ नव्हता. त्यामुळे आर्कान्सॉ, ओक्लाहोमा, टेनेसी अशा राज्यांतील विस्तीर्ण प्रदेशाने हाच संघ आपला मानला.

रविवारच्या खेळाची परंपरा येथे जुनी होती. जर्मनीहून आलेला मद्यगृहचालक ख्रिस फॉन डेर आहे याने १८८२ मध्ये ज्या संघाची मालकी स्वीकारली, तो ज्या संघटनेत खेळे तिने २५ सेंटांचे तिकीट, रविवारचे सामने आणि मैदानावर बिअरची विक्री या तिन्ही गोष्टींना मुभा दिली होती, आणि त्याच संघाला १९०० पासून कार्डिनल्स हे नाव मिळाले. न्यूयॉर्कमध्ये रविवारचा व्यावसायिक बेसबॉल १९१९ पर्यंत आणि पेनसिल्व्हेनियात १९३४ पर्यंत कायद्याने बंद होता, हे ध्यानात घेतले की सेंट लुईसच्या मोकळीकीचे मोल कळते, कारण आठवडाभर राबणाऱ्या माणसाला मुलांसोबत घालवण्यासाठी तोच एक दिवस असे. त्या दिवशी बहुधा ‘डबलहेडर’ होई, म्हणजे एकाच तिकिटावर पाठोपाठ दोन सामने पाहायला मिळत, आणि लांबून येणाऱ्या कुटुंबाला प्रवासखर्चाचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

शहरातील मुलांना वडिलांची सोबत लागतच असे असे नाही. संघाने १९१७ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘नॉटहोल गँग’ या योजनेतून, जिचे नाव कुंपणाच्या फळीतील भोकातून खेळ पाहणाऱ्या पोरांवरून पडले होते, त्यांना फुकट प्रवेश मिळे. दूरच्या मुलाला मात्र थोरांच्या सोबतीवाचून गत्यंतर नव्हते. या दूरच्या घरांशी संघाचे नाते जोडण्यात ब्रँच रिकी या व्यवस्थापकाच्या ‘फार्म’ पद्धतीचा वाटा मोठा होता. लहान गावांतील संघ हाताशी धरून त्यांत खेळाडू घडवण्याची ही पद्धत होती, आणि त्यामुळे कालपरवा गावच्या मैदानावर दिसलेला खेळाडू सेंट लुईसमध्ये खेळताना पाहण्याची ओढ लागे. पुढे रेडिओने हे नाते पक्के केले: १९५५ पासून केएमओएक्स या ५०,००० वॅटच्या केंद्रावरून सामन्यांचे समालोचन होऊ लागले, आणि मध्यम लहरी रात्री आयनमंडलावरून परावर्तित होत असल्याने समालोचक हॅरी केरी यांचा आवाज अनेक राज्यांत ऐकू जाई.

या प्रथेची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. कार्डिनल्स जेथे खेळत त्या स्पोर्ट्समन्स पार्क या मैदानावर १९४४ पर्यंत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या पॅव्हेलियनमध्येच बसावे लागे, आणि १९२९ पासून त्याच्या बऱ्याचशा भागापुढे तारेची उंच जाळी उभी होती. म्हणजे तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या बापलेकांना खेळ जाळीआडून पाहावा लागे. प्रमुख लीगमध्ये ही सक्ती सर्वांत शेवटी येथेच उठली, ही या शहराला लाज आणणारी बाब आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी आधुनिक काळातील प्रमुख लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या डॉजर्स संघातून खेळू लागला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे मोठा पल्ला गाठून सेंट लुईसला येऊ लागली.

२ मे १९५४ रोजी, रविवारच्या डबलहेडरमध्ये, कार्डिनल्सच्या स्टॅन म्युझियलने न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध पहिल्या सामन्यात तीन आणि दुसऱ्यात दोन असे पाच होम रन, म्हणजे कुंपणापार टोले, मारले. एका दिवसात असा पराक्रम त्यापूर्वी कोणीही केला नव्हता. त्या दिवशी प्रेक्षकांत आठ वर्षांचा नेट कोलबर्ट हा सेंट लुईसचाच कृष्णवर्णीय मुलगा बसला होता. १ ऑगस्ट १९७२ रोजी सॅन दिएगो पॅड्रेस संघाकडून अटलांटात खेळताना कोलबर्टने स्वतः एका डबलहेडरमध्ये पाच होम रन मारून त्या विक्रमाशी बरोबरी केली. मैदानावर घालवलेला एक रविवार लहान मुलाच्या मनात किती खोल उतरू शकतो, याचा याहून बोलका दाखला बेसबॉलच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले, तशी रेल्वेची जागा मोटारीने घेतली आणि १९६६ मध्ये संघ शहराच्या मध्यवर्ती भागातील नव्या मैदानावर गेला. तोवर ह्यूस्टन आणि अटलांटा यांना स्वतःचे संघ मिळाले होते, १९७२ मध्ये डॅलस परिसरालाही मिळाला, आणि कार्डिनल्सचा मुलूख आक्रसत गेला. आर्कान्सॉत मात्र आजही प्रमुख लीगचा संघ नाही, त्यामुळे त्याच्या उत्तर भागातील अनेक कुटुंबांचा ओढा अजूनही सेंट लुईसकडेच आहे.