दोन्ही चाचण्या म्हणाल्या 'ओ'

१९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण आलं. पहिलं नाव मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत देशपांडे आणि भाटिया, आणि इंग्लंडमधले रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. विषय होता तीन माणसांचं रक्त. ते ए, बी, एबी कशाशीच जुळत नव्हतं, आणि ओशीही नाही.

पुढे त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रूप' म्हणू लागले. आज ते व्हॉट्सॲपवर 'अतिदुर्मिळ रक्त हवे आहे' अशा निरोपातून फिरतं, आणि दुर्मिळपणाच्या कौतुकावर गोष्ट संपते. मला त्यातला वेगळा भाग खिळवून ठेवतो: हे रक्त तपासणीला चकवतं कसं.

रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. रुग्णाच्या तांबड्या पेशी घेऊन त्यात अँटी-ए आणि अँटी-बी द्रव टाकायचा. गुठळ्या झाल्या तर तो प्रतिजन आहे. मग उलट बाजूनं, रुग्णाच्या सीरममध्ये माहितीतल्या ए आणि बी पेशी टाकायच्या. लँडस्टायनरनं १९०१ मध्ये सांगितलेला नियम असा, की पेशीवर जे नसतं त्याच्या विरोधातलं प्रतिद्रव्य सीरममध्ये असतं. म्हणून दोन्ही उत्तरं एकमेकांची पडताळणी करतात. जमली नाहीत तर गट जाहीर करायचा नाही.

माझं पोट सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवर चालतं, म्हणून ही रचना मला फार आवडली. आणि म्हणूनच बॉम्बे गटानं धडकी भरवली. ए आणि बी हे भिंतीवरचे रंग धरले, तर खालच्या भिंतीचं नाव 'एच'. ओ गटात रंग नसतो, भिंत मात्र भरपूर असते. त्या तिघांकडे भिंतच नव्हती. त्यामुळे पेशींची तपासणी म्हणणार ओ, आणि सीरमची तपासणीही म्हणणार ओ. दोन साक्षीदार, दोघांचं एकमत, आणि दोघंही चूक! त्या सीरममध्ये अँटी-एचही असतं. ते शरीराच्या तापमानाला काम करतं आणि साध्या ओ रक्ताच्या पेशी फोडून टाकतं.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. उलट तपासणीत तिसरी नळी लावायची, ओ पेशींची. नेहमीच्या माणसात तिथं काहीच घडत नाही. हजारो वेळा काहीही न दाखवणारी ही नळी टाळण्याचा मोह कुणालाही व्हावा. पण बॉम्बे गटात नेमक्या तिथंच गुठळ्या होतात. ती नसेल तर मग शेवटची भिस्त क्रॉसमॅचवर, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सीरम प्रत्यक्ष एकत्र करून पाहण्यावर. ऑटेनबर्गनं न्यूयॉर्कमध्ये १९०७ च्या सुमारास ही पद्धत वापरात आणली. तातडीच्या वेळी वगळली जाते तीही हीच.

१९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हीन यांना अशीच एक बाई सापडली. तपासणीत ओ, पण लेकीला तिनं बी दिला होता. म्हणजे रंगाचा डबा घरात होता, लावायला भिंत नव्हती. १९५७ साली मुंबईत आयसीएमआरचं ब्लड ग्रूप रेफरन्स सेंटर सुरू झालं. टिपणातले भाटिया पुढे त्या संस्थेचे संचालक झाले, आणि मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एक असं प्रमाण त्यांच्या कामातून पुढे आलं.

इथं थोडं आडवळण. 'लॅन्सेट'च्या टिपणाआधी वर्षभर, १९५१ मध्ये, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की हुलग्याचा अर्क ए गटाच्या पेशींना चिकटवतो. हुलगा म्हणजे आपलाच, माडग्याचा. ए१ आणि ए२ हे उपगट वेगळे करायला हा अर्क अजून वापरतात. मेख अशी की दाट अर्क दोघांनाही धरतो. तो नेमका इतका पातळ करावा लागतो की ए१ धरेल आणि ए२ सुटेल. म्हणून दोन्ही माहितीतल्या पेशींवर तो आधी तपासल्याशिवाय वापरायचा नसतो. मराठवाड्याच्या शेतातलं धान्य प्रयोगशाळेत गेलं की त्यालाही परीक्षा चुकत नाही.

केजमध्ये जयंतीला रक्तदान शिबिरं जोरात होतात. कार्ड मिळतं, त्यावर गट असतो, आणि माणूस तो जन्मभर आधार क्रमांकासारखा सांगत राहतो. कार्डावरचा गट म्हणजे एका दिवशी एका नमुन्यावर झालेली तपासणी. त्या भरवशावर रक्त चढवत नाहीत. दर वेळी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासतात. नातेवाईकांना तो वेळकाढूपणा वाटतो. "आमच्या पोरीचा ओ पॉझिटिव्हच आहे की, साहेब, कशाला थांबवता?" हे वाक्य मी ऐकलं आहे.

खरं तर बॉम्बे गट हा विरळा धोका. त्याहून नेहमीचा धोका नळीवरच्या कागदाचा. नमुना एकाचा आणि चिठ्ठी दुसऱ्याची, असं झालं तर तीन काय, तीस नळ्या लावूनही उत्तर अचूक येईल, फक्त भलत्या माणसाचं. ब्रिटननं १९९६ पासून रक्तसंक्रमणातल्या चुकांची नोंद सुरू केली, त्यात हाच प्रकार ठळकपणे समोर आला. भारतात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला.

केजला रक्त लागलं की कुणीतरी नमुना घेऊन अंबाजोगाईची किंवा बीडची वाट धरतं. वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असणं आपल्याकडे नवल नाही. म्हणून नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचं, टेबलावर जाऊन नाही, आणि "तुम्ही कमलबाई ना?" असं विचारायचं नाही. ग्लानीतलं माणूस त्याला हो म्हणतं. "तुमचं नाव काय?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.