वाळूचा हौद

पत्र्याच्या घसरगुंडीचे तोंड पश्चिमेकडे करू नये, ही गोष्ट मला आज पक्की ठाऊक आहे. १९७४ साली ती ठाऊक नव्हती. त्या वर्षी मी एका लहानशा नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, आणि तिथल्या एका पेठेतील बालोद्यानाचा नकाशा माझ्या हातचा होता. नकाशा मोठा देखणा! मधोमध कारंजे, चार बाजूंना चार वाफे, कोपऱ्यात दोन झोपाळे आणि फाटकातून शिरताच नजरेत भरेल अशी घसरगुंडी. उद्घाटन झाले, भाषणे झाली, पेढे वाटले गेले. पुढच्या मार्चात शेजारच्या चाळीतील बायांचा एक अर्ज आला. खाली सहा सह्या आणि चार अंगठे. पोरे शाळेतून सुटतात तेव्हा घसरगुंडी तव्यासारखी तापलेली असते, मांड्या भाजतात, तरी तिचे तोंड फिरवून द्यावे. आणि कारंज्याला पाणी कधीच नसते, तर त्या कोरड्या हौदात दोन गाड्या वाळू टाकून द्यावी, म्हणजे धाकटी पोरे खेळतील. एवढीच मागणी. मी अर्ज वाचला, कोपऱ्यात ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला, आणि फाइल बांधली. ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. अर्ज मेला, पण त्याचे प्रेत जपून ठेवले, एवढाच तो अर्थ.

नेमके त्याच सुमारास दुसऱ्या एका शहरात असल्या अर्जांचे काय होत होते, हे कळायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली. माझी धाकटी मुलगी हॉलंडात नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो असता नातीला घेऊन ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाच्या बागेत बसलो होतो. रेम्ब्रांटची चित्रे पाहायला जगभरची माणसे तिथे रांग लावतात. आमच्या नातीला मात्र रेम्ब्रांटचे काही नव्हते. बागेत धातूच्या नळ्यांचे काही साधे सांगाडे उभे होते, त्यांतल्या एकाला ती खाली डोके वर पाय अशी लोंबकळत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, हेसुद्धा संग्रहालयातलंच आहे बरं. जुन्या क्रीडांगणांतलं.” २०१३ साली संग्रहालय दुरुस्त होऊन पुन्हा उघडले, तेव्हा ते सामान या बागेत मांडण्यात आले. ज्या वस्तूवर पोरे लोंबकळतात ती संग्रहालयात कशी, या कुतूहलापायी मी पुढे पुष्कळ वाचले. त्यातले थोडे इथे सांगतो.

महायुद्ध संपले तेव्हा ॲमस्टरडॅमची दशा वाईट होती. १९४४-४५ च्या हिवाळ्याला डच लोक अजून उपासमारीचा हिवाळा म्हणतात. अन्न नाही, कोळसा नाही. त्याआधीच शहरातील सुमारे ८० हजार ज्यूंपैकी बहुतेकांना जर्मनांनी छळछावण्यांकडे नेले होते, आणि त्यांतले फार थोडे परतले. त्यांची घरे ओस पडली होती. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसांनी त्या घरांची दारे, जिने, तुळया उपटून जाळल्या. तुळया गेल्यावर भिंती तरी किती दिवस उभ्या राहणार? घरांच्या रांगेत दात पडावेत तशा मोकळ्या जागा झाल्या, आणि त्या जागांत विटांचा चुरा आणि कचरा साठला. दुसरीकडे घरांची टंचाई भयंकर आणि पाळणे मात्र घरोघर हलू लागलेले. पोरे खेळणार कुठे? क्रीडांगणे होती, पण ती बहुतेक मंडळांची, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, कुंपण-फाटक असलेली.

नगरपालिकेच्या नगररचना शाखेत याकोबा मुल्डर नावाच्या बाई होत्या. शहराबाहेरचे विस्तीर्ण वन-उद्यान आखण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या याच. प्रत्येक वस्तीला स्वतःचे एक लहानसे, बिनफाटकाचे क्रीडांगण असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. हाताखाली आल्डो व्हॅन आइक नावाचा २९ वर्षांचा वास्तुतज्ज्ञ नुकताच लागला होता. त्याच्याकडे हे काम आले. १९४७ साली शहराच्या दक्षिण भागातील बेर्टेलमानप्लेन या लहानशा चौकात पहिले क्रीडांगण झाले. काय होते त्यात? रुंद काठाचा काँक्रीटचा वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड, कोलांट्या मारायला तीन नळ्या, आणि भोवती झाडे व बाके. संपले! हौदसुद्धा मधोमध नाही, एका कोपऱ्याकडे सारलेला. मधोमध कारंजे घालणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनी ओळखावे. हौदाचा काठ रुंद का, तर त्यावर पोरांनी वाळूच्या वड्या पाडाव्यात आणि आयांनी टेकावे. बाके कुठे, तर जिथून आईची नजर पोरावर राहील तिथे.

इथवरची गोष्ट एका हुशार तरुणाची आहे. पण एका हुशार तरुणाने एक चौक सजवला असता तर त्याची कथा मी दिवाळी अंकात सांगत बसलो नसतो. खरी गंमत पुढे आहे. तो चौक पाहून इतर वस्त्यांतून नगरपालिकेकडे पत्रे येऊ लागली. आमच्याही गल्लीत असा हौद करा. आमच्या कोपऱ्यावर जागा पडून आहे, ती पाहून जा. आणि खाते ती जागा खरोखर पाहायला जाऊ लागले! जागा सोयीची निघाली की नकाशा, नकाशामागून गवंडी. क्रीडांगणे शहरात कुठे व्हावीत याचा बृहद् आराखडा आधी कोणी काढला नव्हता. तो पत्रांनीच काढला. १९७८ पर्यंत अशी ७०० हून अधिक क्रीडांगणे झाली. व्हॅन आइकने १९५१ साली नोकरी सोडली, तरी हे काम सोडले नाही. १९५४ मध्ये जुन्या शहरातील डाइकस्ट्राट या अरुंद गल्लीत, दोन घरांमधल्या एका पडीक चिंचोळ्या जागेत त्याने केलेले क्रीडांगण पुढे प्रसिद्ध झाले. सामान तेच, दगड, नळ्या, वाळू. मांडणी मात्र दर ठिकाणी निराळी, कारण जागा निराळी आणि शेजारी निराळे.

मी स्वतः खात्यातला असल्यामुळे मला त्या वास्तुतज्ज्ञापेक्षाही त्या कारकुनांचे अधिक कौतुक वाटते. टपाल फोडून, पत्र योग्य टेबलावर पोचवून, जागेची चौकशी करून ठेवणारी ती माणसे. त्यांची नावे कुठल्या इतिहासात नाहीत.

शेजारच्या डेन्मार्कने तर याहून धाडस केले होते. कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथे, कामगारांच्या सहकारी घरांच्या वसाहतीत, १९४३ साली, म्हणजे जर्मन अंमल चालू असतानाच, एक निराळे क्रीडांगण निघाले. उद्यानतज्ज्ञ सोरेनसेन यांनी पाहिले होते की आपण आखलेल्या बागांपेक्षा बांधकामाच्या अर्धवट जागांत पोरे अधिक रमतात. म्हणून इथे फळ्या, विटा, जुने सामान आणि हत्यारे पोरांच्या स्वाधीन केली, आणि देखरेखीला जॉन बेर्टेल्सन नावाचा पूर्वीचा खलाशी ठेवला. आराखडा पोरांचाच, आज बांधायचा, उद्या मोडायचा. १९४६ मध्ये इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी ते पाहिले आणि बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागा अशाच मुलांना द्या, असा ध्यास घेतला. एवढी मजल आपल्याकडच्या कुठल्या खात्याने मारली असती असे मला वाटत नाही. मी तर नक्कीच मारली नसती.

पण आपल्याकडे काहीच नव्हते असे मात्र कोणी समजू नये. याच काळात, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली गरीब पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पोर कुठे आहे हे आधी पाहावे आणि मग खिळा ठोकावा, ही रीत ठाणे जिल्ह्यात ठाऊक होती. माझ्या टेबलापर्यंत ती पोचली नव्हती, इतकेच.

ॲमस्टरडॅमची ती क्रीडांगणे पुढे बहुतेक गेली. काही जागांवर घरे उठली, काही मोटारींनी गिळल्या, काहींचे सामान नव्या सुरक्षा-नियमांत बसेना. मूळ रचनेसह नव्या शतकात पोचली ती ९० च्या आसपास. जागा तात्पुरत्या आहेत हे करणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होते, त्यामुळे फार हळहळण्यात अर्थ नाही. तरी विचारून केलेली वस्तू मोडताना पुन्हा विचारले गेले का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

गेल्या वर्षी माझ्या त्या १९७४ च्या बालोद्यानाची पुनर्रचना निघाली. कामावरचा इंजिनिअर तरुण, नम्र. जुना माणूस म्हणून त्याने मला बोलावले. मी म्हटले, नकाशा नंतर काढू, आधी चाळीत जाऊ. चाळीच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. तिथल्या गच्चीवर मुलांना जमवून कागद वाटले. बहुतेकांनी क्रिकेट लिहिले, एकाने हत्ती मागितला. आयांनी सावली आणि नळ मागितला. मागे खुर्चीवर एक आजीबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, “वाळू टाका म्हणून आम्ही तेव्हाच लिहून दिलं होतं. माझी सही होती.”

मी म्हटले, “तो अर्ज माझ्याकडेच आला होता.”

“मग?” त्यांनी विचारले.

मला उत्तर देता आले नाही. शेवटी इंजिनिअरनेच विषय बदलला. कारंज्याचा हौद न पाडता तोच भरायचा ठरले. वाळू म्हटले की मांजरे घाण करणार, ही शंका निघाली. तर रात्री वर जाळी ओढावी आणि ते काम इमारतीतल्यांनी पाळीपाळीने करावे, असे बायांनीच सुचवले. घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून कडुलिंबाखाली गेली. माघात वाळूचा ट्रक आला. आजीबाईंनी खाली येऊन हौदाच्या काठावर बसून पाहिले, आणि वाळूत खडे फार आहेत असा शेरा मारला. दोन दिवस पोरांबरोबर बसून आम्ही ते वेचले.

जाळी ओढायची पाळी मंगळवारी माझी असते.