पुस्तकाची दुसरी प्रत

कोयना धरणातलं पाणी दोन दिशांना जातं. बरंचसं पश्चिमेकडे वळवलं जातं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. बाकीचं पूर्वेला पाटणवरून कराडला जातं, प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं आणि पुढे सांगली गाठतं. मी कोयनानगरात वाढले. त्यामुळे ‘ई-बुक बरं की छापील पुस्तक?’ हा वाद निघाला की मला हे दोन रस्ते आठवतात.

पश्चिमेच्या पाण्यातून १९६२ पासून वीज तयार होते आहे. आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. तुम्ही महाराष्ट्रात बसून हा लेख वाचत असाल, तर तुमच्या फोनच्या चार्जिंगमध्ये कधी ना कधी कोयनेचं पाणी आलेलं असणार.

पूर्वेच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सगळ्या कृष्णा खोऱ्यात पावसाने कहर केला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. भिजलेलं पुस्तक वाळवता येतं असं वाटतं, पण तसं नसतं. पानं फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. मग ते पुस्तक राहत नाही, लगदा होतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, निकाल लागला, ई-बुकच बरं. पण इतिहास इतका सरळ नाही.

तुपाची शाई

नवं माध्यम आलं की होणारी कुरकुर मराठीत तरी दोनशे वर्षं जुनी आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं. सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला हात लावायला तयार नव्हती. छपाईच्या शाईत प्राण्याची चरबी असते, ही त्यांची मुख्य तक्रार. गणपत कृष्णाजींनी वाद घालत न बसता शाईत तूप वापरलं. पंचांग चाललं.

पुढे कितीतरी धार्मिक ग्रंथ पोथीच्याच आकारात छापले गेले. आडवी, लांब, सुटी पानं, शिवण नाही, कापडात गुंडाळून ठेवायची सोय. यंत्र नवं आणि पेहराव जुना. आज ई-बुकच्या ॲपमध्ये पान उलटल्याचा आभास दिसतो, लाकडी फळीवर पुस्तकं मांडल्यासारखं चित्र दिसतं, तेव्हा मला ती छापील पोथी आठवते. लोकांना सवयीचं काहीतरी हाताला लागावं लागतं, त्याशिवाय ते नव्या घरात पाऊल टाकत नाहीत.

म्हणून ‘कागदाच्या वासाची मजा स्क्रीनवर नाही’ या वाक्याला मी हसत नाही, पण त्याच्यावर निर्णयही सोपवत नाही. वासाची सवय पिढीगणिक बदलते. प्रश्न वेगळा आहे. पुस्तक टिकतं कशामुळे?

छापलेलं हरवलं, लिहिलेलं उरलं

याचं एक उत्तर गोव्यात सापडतं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ते रोमन लिपीत छापलं गेलं. नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. म्हणजे त्या काळातलं सगळ्यात आधुनिक तंत्र या पुस्तकाच्या पाठीशी होतं आणि एकदा नाही, तीनदा होतं.

या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, त्यानंतर अशा पुस्तकांना वाली उरला नाही. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ आपण वाचू शकतो, कारण भाविकांनी ते हाताने उतरवून घेतलं होतं. मंगळूरच्या बाजूच्या ख्रिस्ती घरांत ते उपवासाच्या दिवसांत म्हटलं जायचं. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत तर लंडनमध्ये सापडली.

छापखाना हरला आणि बोरू जिंकला, असा याचा अर्थ नाही. पुस्तक अनेक हातांत होतं आणि ते हात त्याचा रोज वापर करत होते, म्हणून ते वाचलं. माध्यम कुठलंही असो, एकाच ठिकाणी एकच प्रत असेल तर ती कधीतरी जाते. सांगलीला पाण्याने गेली, दुसरीकडे आगीने जाईल, तिसरीकडे वाळवीने.

तीस वर्षांत न वाचता येणारी अक्षरं

मग डिजिटल प्रत सगळ्यात सुरक्षित का? तिच्या तर क्षणात हजार प्रती होतात.

इथे मराठीचा एक खास अनुभव आहे. १९९० च्या दशकात मराठी पुस्तकं संगणकावर जुळू लागली. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर टायपिंग चालायचं आणि प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण रोजच्या मराठी कामात तो रुळायला पुढची बरीच वर्षं गेली. परिणाम असा, की १८९० चं निर्णयसागर छापखान्याचं पुस्तक तुम्ही आज सहज वाचाल, पण १९९५ च्या पुस्तकाची मूळ फाइल उघडेलच याची खात्री नाही. अनेक जुन्या पुस्तकांची ई-बुकं निघायला वेळ लागतो, त्याचं हेही एक कारण आहे. मजकूर आधी त्या चिवड्यातून सोडवावा लागतो.

मोडीचं असंच झालं. छपाईने बाळबोध उचलली, मोडी मागे पडली आणि शेवटी शाळेतून गेली. आज दप्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत, कागद शाबूत आहेत, वाचणारे मात्र मोजके. प्रत जपली तरी ती वाचायची किल्ली जपली नाही, तर उपयोग होत नाही.

दुसरी अडचण मालकीची. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. लोकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. माझ्याही फोनवरचं एक मराठी वाचनाचं ॲप असंच एक दिवस बंद पडलं आणि पैसे देऊन घेतलेली सात पुस्तकं त्याच्याबरोबर गेली. बहुतेक दुकानांत ‘खरेदी करा’ असं बटण असतं, पण मिळतो तो वाचायचा परवाना. छापील पुस्तक मी मैत्रिणीला देऊ शकते, रद्दीत विकू शकते, वाचनालयाला भेट देऊ शकते. परवाना देता येत नाही.

खोऱ्यातून पाहिलं तर

तरीही मी ई-बुकच्या विरोधात नाही. कोयनानगरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना ओलसर वास येतो, पुठ्ठ्यावर पांढरे ठिपके उमटतात. डांबरगोळ्या ठेवा, कडुलिंबाचा पाला ठेवा, कसर व्हायची ती होतेच. नवं पुस्तक घ्यायचं तर आमच्या लहानपणी एसटीने कराड गाठायचं. किंडलवर २०१६ च्या शेवटी मराठी पुस्तकं आली, त्याआधीपासून मराठी संकेतस्थळांवर ई-बुकं मिळू लागली होती. खोऱ्यातल्या मुलीला पुण्यातल्या मुलीइतक्याच लवकर नवी कादंबरी मिळाली, ही लहान गोष्ट नाही.

सातारा जिल्ह्यानेच या प्रश्नाची दोन उत्तरं उभी केली आहेत. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभारलं. पहिला खंड १९७६ चा. आज विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. अशा ग्रंथासाठी स्क्रीनच योग्य, कारण विश्वकोश कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, नोंद शोधतो. दुसरीकडे महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कोणीही आत जावं, बसावं, वाचावं. तिथे कागदच हवा.

एका संशोधनाचा उपयोग परीक्षेची तयारी करणाऱ्यांना होईल. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळेचं बंधन असताना, असा त्याचा निष्कर्ष होता. गोष्टीरूप मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी खुशाल फोनवर वाचा, एमपीएससीचा अवघड धडा छापून घ्या.

जे कुठेच नाही

पण हा सगळा वाद ज्या पुस्तकांचा आहे, ती नशीबवान आहेत. त्यांना दोन रूपं आहेत. मराठीत एक मोठा ढीग असा आहे, ज्याला धड एकच रूप आहे. शाळेच्या स्मरणिका, देवस्थानाच्या पुस्तिका, कामगार संघटनांचे अंक, भजनाच्या वह्या. शे-दोनशे प्रती निघाल्या, पुन्हा कधी छापल्या नाहीत.

कोयना खोऱ्याला हे जास्त लागतं. धरणाने शंभराच्या आसपास गावांना फटका बसला. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली आणि कित्येकांचं पुनर्वसन अजून पुरं झालेलं नाही. पाठोपाठ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आला. त्या भूकंपाचं एक कागदपत्र मात्र जगभर पोचलं. धरणातल्या यंत्राने टिपलेला हादऱ्यांचा आलेख. त्याचे आकडे झाले, आणि आज कुठल्याही देशातला विद्यार्थी धरणाची भूकंपचाचणी शिकताना ‘कोयना’ हे उदाहरण सोडवतो. भूकंपाच्या त्या काही सेकंदांच्या असंख्य प्रती आहेत. बुडालेल्या गावांच्या शब्दांच्या किती?

माझ्या आजोबांची भजनाची वही अशाच एका गावातून आली. त्यांच्या हातची, मळकट, तीन ठिकाणी शिवलेली. वीस-पंचवीस रचना त्यात अशा आहेत, की त्या कोणाच्या हे घरात कोणाला सांगता येत नाही आणि मला कुठल्या छापील संग्रहात मिळाल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी तिची पानं उजेडात धरून एकेक फोटो काढला, सलग फाइल केली आणि रायगडातल्या काकांपासून सगळ्यांना पाठवली. आत्याने निरोप धाडला, ‘‘बाळा, मला फोनवर दिसत न्हाई, कागदावर दे.’’ मग कराडला पाच प्रती छापून आणल्या, बांधून घेतल्या. आता काका फोनमध्ये बघून म्हणतात, आत्या कागदावर बघून म्हणते, आणि चुलत भावाने दोन रचना युनिकोडमध्ये टाइप करून काढल्यात. त्याला दोन शब्द लागले नाहीत, ते आत्याने सांगितले.

त्यामुळे कोणी विचारलं, ई-बुक घेऊ की पुस्तक, तर मी सांगते: जे सगळीकडे मिळतं ते सोयीने घ्या. जे पुन्हापुन्हा लागणार आहे, कोणाला द्यावंसं वाटणार आहे, ते कागदावर घ्या. ज्यांचे हक्क संपलेत ती पुस्तकं फाइल म्हणून स्वतःजवळ उतरवून ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ती सगळ्यांची होतात. १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची २०११ पासून झाली आहेत. आणि घरात, देवळात, गावच्या वाचनालयात असं काही असेल ज्याची जगात एकच प्रत उरली आहे, तर पुढचा पाऊस लागायच्या आत, ज्याचं आहे त्याला विचारून, तिची दुसरी प्रत करा. फोन तुमच्या हातातच आहे.